लाईट गेल्यावरचं गाणं

अव्वा, माझेही कान चालले. तुझ्यासारखेच, तुझ्याच वाटेनं. कुकरची शिट्टी झालेली मला कळत नाही. ह्यांना आतल्या खोलीत ऐकू जाते आणि हेच उठून गॅस बंद करतात. आधी मला वाटलं, हल्लीच्या कुकरच्या शिट्ट्याच बारीक झाल्यात, कंपनीवाले लबाड. मग तुझी नात पुण्याहून आली, दोन दिवस माझ्याशी बोलली आणि तिसऱ्या दिवशी मला धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबडी चढवली आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी आपली बसले बटण धरून. मला वाटलं, मशीन अजून सुरू व्हायचंय. बाहेर आले तर तपासणी संपलेली. वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत, असं सांगितलं. काय करता, विचारलं. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे म्हटल्यावर पुढं काही विचारलंच नाही. मागांच्या खडखडाटात असंच उभं राहिलात तर उरलेलेही हळूहळू जातील, म्हणाले. सोलापूरचे डॉक्टर ते, रोज आमच्यासारखीच माणसं बघत असणार.

रिक्षातून घरी येताना मी तुझ्यावर चिडले होते. आता तू नाहीस, तुला जाऊनही किती वर्षं झाली, पण राग काय तारीख बघून येतो का? तुला आठवतं का, मी कॉलेजच्या सुट्टीत कारखान्यात यायला लागले तेव्हा कानात कापसाचे बोळे घालून आले होते. कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं मी, आवाजानं कान जातात म्हणून. तू सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर होतीस. तिथनं उठलीस, माझ्याजवळ आलीस आणि सगळ्या कामगारांसमोर माझ्या दोन्ही कानांतले बोळे चिमटीनं काढून खाली टाकलेस. म्हणालीस, "माग काय बोलतोय ते ऐकायचं नसलं तर घरी जाऊन भांडी घास." धोटा अडखळला, पट्टा सैल झाला, सूत तुटायला आलं, हे सगळं आधी कानाला कळतं, मग डोळ्याला, हे तुझं म्हणणं. खोटं नव्हतं ते. मी त्याच कानांच्या जोरावर आजवर कारखाना चालवला. पण त्या दिवशी रिक्षात मला वाटलं, ते बोळे राहू दिले असतेस तर काय बिघडलं असतं? वाटलं ते वाटलं, तुझ्यापासून काय लपवायचं.

आणि गंमत म्हणजे गाण्याचं वेड आम्हाला लावलंस तूच. बाकीच्या बायका सोन्याचा हट्ट धरायच्या, तू टेपरेकॉर्डरचा धरलास. अप्पांनी आणतो आणतो म्हणत बरेच दिवस काढले, शेवटी तूच मला बरोबर घेऊन दुकानात गेलीस. दुकानदार एकेक टेप काढून दाखवतोय, ह्याला दोन स्पीकर, ह्याला रंगीत दिवे, आणि तू त्याला एकच विचारतेस, "लाईट गेल्यावर चालतो का?" सेल कुठं बसतात ते उघडून बघितलंस, बटणं न बघता दाबून बघितलीस, उचलून वजन बघितलंस, भाजीवालीकडनं दुधी घेताना बघायचीस तसं. मग जो सगळ्यात ओबडधोबड होता तो घेतलास. मला रंगीत दिव्यांचा पाहिजे होता. घरी येईपर्यंत मी तोंड फुगवून होते.

तो टेप तू कारखान्यात नेलास, हे कुणालाच कळेना. मागांच्या आवाजात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, सगळं बोलणं हातवाऱ्यांनी, तिथं गाणं कोण ऐकणार? पण तू सकाळी आलीस की टेप खिडकीत ठेवून सेलवर सुरू करायचीस. दिवसभर तो चालू. एक बाजू संपली की उठून कॅसेट उलटी करायचीस. कुणाला काही ऐकू येत नाही आणि टेप आपला गातोय! अप्पा म्हणायचे, सेल काय झाडाला लागतात का? तू म्हणायचीस, लाईट जाईल तेव्हा गाणं शोधत बसायचं का, ते आधीच चालू पाहिजे. कामगार लांबूनच कानाची पाळी धरून हात उलटा करायचे, म्हणजे आता कुठलं लागलंय? तू कॅसेटच्या खिडकीतून रीळ किती उरलंय ते बघायचीस आणि खुणेनंच सांगायचीस, टाळ वाजवल्यासारखं केलंस की भजन, पदर झटकलास की लावणी. रिळावरून तुला अख्खी कॅसेट पाठ होती.

आणि मग लाईट जायची. माग थांबायचे आणि त्या गप्प झालेल्या जागेत अचानक गाणं असायचं, मधूनच, कडव्याच्या अर्ध्यात. मी शाळेतून डबा घेऊन येते आहे आणि नेमकी लाईट जाते, असं कितीदा तरी आठवतं. कामगार मागाला टेकून उभे आहेत, कुणी तंबाखू मळतोय, मागांची दुरुस्ती बघणारे जॉबरमामा कुलूप लावल्यासारखे डोळे मिटून बसलेत, आणि तू कांडीच्या मशीनपाशी हात मांडीवर ठेवून अगदी सरळ. गाणं संपता संपता लाईट यायची. आमची लाईटसुद्धा कशी, चांगलं गाणं बघून जायची. रात्री जेवताना अप्पा वीजवाल्यांचा उद्धार करायचे, आजपण गेली का, किती टॉवेल पडले असते! तू भाकरी वाढता वाढता म्हणायचीस, "व्हय की, लई तरास."

तर डॉक्टरकडून आल्यावर माझ्या डोक्यात एकच बसलं. कान आहेत तोवर गाणी ऐकून घ्यायची. तुझ्या कॅसेटींचा पत्र्याचा डबा माळ्यावर होता, त्यातला कडुलिंबाचा पाला भुगा झालेला. नव्या पेठेत एक दुकानदार आहे, जुन्या कॅसेटी संगणकात भरून देतो आणि गाण्याची यंत्रंही विकतो. त्याच्याकडे डबा नेला. तो बिचारा सज्जन माणूस. म्हणाला, मॅडम, दोन पद्धती आहेत, लहान फाइल करू की पूर्ण? लहान म्हणजे काय, विचारलं. तर म्हणे, माणसाच्या कानाला कळणार नाही तेवढंच त्यातून काढून टाकतात. मी म्हटलं, कुणाच्या कानाला? तो गडबडला. मला दोन्ही ऐकवल्या त्यानं. खरं सांगते, मला काडीचा फरक कळला नाही. तरी मी पूर्णच करा म्हटलं. त्यानं समजावलं, जुन्या कॅसेटी आहेत, आधीच घासलेल्या, त्यात मुळात राहिलंय काय? मी म्हटलं, घासून घासून जे राहिलंय त्यातलं आणखी कुणी काही काढायचं नाही. आवाज चढला असणार माझा, कारण दुकानातली इतर माणसं वळून बघायला लागली. हल्ली मला माझाच आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

मग यंत्र कुठलं घ्यायचं हा घोळ. तुझी नात म्हणते, आई, फोनमध्ये सगळं असतं, वेगळा प्लेअर आता कोण घेतं? मी तिला म्हटलं, फोनमध्ये फोन येतो. गाणं रंगात आलं की सूतवाल्याचा फोन, नाहीतर टॉवेलच्या व्यापाऱ्याचा. ती हसली, पण हसता हसता शोधायला बसली. लॉसलेस असतं म्हणे ते, काही न टाकता ठेवलेलं गाणं, आणि ते जागा फार खातं, म्हणून मोठ्या पोटाचं यंत्र पाहिजे. दुकानदारानं काचेवर तीन प्लेअर मांडून ठेवले. एक चपटा, नुसता पडदाच, बोट लावलं की इकडं तिकडं पळतो. सुताची धूळ बसलेल्या हातानं तो काय ऐकणार माझं! दुसरा काडेपेटीएवढा, स्वस्त, पण त्याचं पोट ठरलेलं, भरलं की भरलं. तिसरा जाडजूड, जड, कडेला खरीखुरी बटणं, आणि पोटात घालायला वेगळं कार्ड, एक टेराबाइटचं. दुकानदार म्हणाला, तुमच्या सगळ्या कॅसेटी घातल्या तरी कार्डाला कळणारसुद्धा नाही. कळू दे नाहीतर न कळू दे, मी म्हटलं. मला ह्यांची नाट्यगीतं घालायचीत, तुझ्या माहेरची कानडी भजनं घालायचीत, तुझी नात ऐकते तो धांगडधिंगाही घालायचाय. पुढं कधी ऐकू येईल न येईल, आता मिळेल ते सगळं गोळा करायचं मला. हे बोलता बोलता माझा आवाज पुन्हा चढला, तर दुकानदारानं आपणहून पाण्याची बाटली पुढं केली.

मी तिसरा उचलला, वजन बघितलं, बटणं न बघता दाबून बघितली आणि विचारलं, एकदा चार्ज केला की पाळीभर चालतो का? बरोबर आलेल्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मिशीत हसले. तुला त्यांनी तसं थोडंच बघितलंय, पण टेपाची गोष्ट माझ्या तोंडून त्यांनी शंभरदा ऐकलीय. तोच घेतला. सगळ्यात ओबडधोबड.

डब्यात ती बिघडलेली कॅसेटही होती, सुताचा फेरा बांधून गाठ मारलेली. तुला आठवत असेल. दुकानातनं भरून आणलेली भजनांची कॅसेट, वरचं पुसलं जाऊ नये म्हणून मोडतात तो तिच्या मागचा प्लास्टिकचा दात मोडायचा राहून गेलेला, आणि तू सकाळी घाईत टेपाचं लाल बटणही सोबत दाबलंस. दुसऱ्या कुणाच्या घरी लगेच कळलं असतं की गाणं वाजत नाही, नुसतं भरून घेतलं जातंय. आपल्याकडं कसं कळणार? माग चालू असताना वाजणारा टेप आणि न वाजणारा टेप सारखाच. भजन पुसलं गेलं म्हणून तू कितीतरी दिवस हळहळत होतीस, पण कॅसेट टाकली नाहीस, गाठ मारून ठेवलीस. ती गाठ मी दुकानात सोडवली. विणकराची गाठ ती, दुकानदाराला सुटेना.

घरी आल्यावर सगळ्यात आधी तीच लावली. डॉक्टरांनी सांगितलेल्या बेतानं आवाज ठेवला, इअरफोनचं एक बोंडूक ह्यांच्या कानात, एक माझ्या. माग ऐकू आले. आपलेच, जुने. मग माग थांबले. मग माणसांचं काहीतरी बोलणं, आणि त्यानंतर बाईचा आवाज, गाणारा. मी ह्यांच्याकडं बघितलं. तू कधी गायली नाहीस, अव्वा. मला निजवतानासुद्धा नाही. गा म्हटलं की तुझं ठरलेलं उत्तर, माझा गळा म्हणजे गंजलेलं बिजागर. मला आवाज कळत होता, तुझाच होता, वर जाताना किंचित फाटणारा. पण बोलणं कळेना. शब्दांच्या कडा माझ्या कानातून गेल्यात ना, नुसता मधला गर राहिलाय. इतकी वर्षं टिकलेला तुझा आवाज माझ्या कानापर्यंत आला आणि मला तू काय म्हणतेस ते कळत नाही. मी रडले तेव्हा, मोठ्यानं. हे उठले नाहीत, समजूत घालत बसले नाहीत. त्यांनी परत पहिल्यापासून लावलं आणि एकेक वाक्य थांबवून मला तोंडासमोर मोठ्यानं सांगत गेले. आधी कुणीतरी पुरुष विचारतो, गाणं कुटं गेलं? मग तू म्हणतेस, "गेलं तर जाऊ दे की. माणसं हायत की हितं." आणि तूच भजन सुरू करतेस. एकदा सांगितल्यावर मला ते शब्द खरंच ऐकू यायला लागले, पुढच्या वेळी न सांगताही.

ह्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, तेव्हा मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. माग थांबण्याआधी एक खट् असा आवाज आहे म्हणाले. आणि गाता गाता तुझा आवाज लांब लांब जातो, मग परत तसंच खट् होतं, आणि एकेक माग सुरू होऊन बाकीचं सगळं बुडून जातं. पुन्हा दुकानात गेलो तेव्हा ह्यांनी हौसेनं त्याच कॅसेटची लहान फाइलही करून घेतली आणि तिच्यात शोधलं, तर तिथं तो खट् आवाज खडखडाटात विरघळून गेलेला. म्हटलं, काहीतरी पडलं असेल, कारखान्यात काय कमी पडतं? मला तर तो दोन्हीकडं ऐकू येत नव्हता.

मग मी तुझ्यासारखं सुरू केलं. प्लेअर कारखान्यात नेला, एक छोटा स्पीकर जोडला आणि त्याच खिडकीत ठेवून दिला, तुझी कॅसेट लावून. कुणाला ऐकू येत नाही, यंत्र आपलं चालू. मी लाईट जायची वाट बघत बसले. पण आता आपल्या भागात लाईट जाते कुठं? सोमवारी नाही, मंगळवारी नाही, आठवडा गेला तरी नाही. एवढी वर्षं लाईट टिकावी म्हणून देवाला हात जोडले आणि आता जावी म्हणून वाट बघतेय! त्यात एका व्यापाऱ्याची टॉवेलची ऑर्डर डोक्यावर, त्याचा रोज फोन. काल दुपारी मी प्लेअरचा पडदा बघितला. माग संपून तुझं बोलणं यायला थोडाच वेळ होता. मी उठले, विजेच्या मेन स्विचपाशी गेले आणि दांडा खाली ओढला.

माग थांबले, आणि खिडकीतून माग ऐकू यायला लागले. कामगार चक्रावले, आपले माग तर उभे आहेत. जॉबरमामा, आता पार म्हातारे, फक्त दुपारपुरते येऊन बसतात, ते एकदम म्हणाले, हा आपला भिंतीकडचा माग, ह्याचाच ठोका असा जड पडायचा. मग खिडकीतले मागही थांबले. तू बोललीस. तू गायलीस. मामांनी डोळे मिटले नाहीत ह्या वेळी, ते स्पीकरकडं बघत राहिले, माणसाकडं बघावं तसे. तुझा आवाज मागांत बुडाला तेव्हा त्यांनी तेच भजन पुढं उचललं, जिथं तू सुटली होतीस तिथून, आणि शेवटपर्यंत म्हटलं. कुणी हललं नाही. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते, म्हणून मला सगळे शब्द कळले.

मग ते माझ्याजवळ आले. म्हणाले, अक्का, शेजारच्या कारखान्याचे माग चालू हायत, लाईट गेली न्हाय. माझा हात अजून दांड्यावरच होता. ते म्हणाले, "तुमची अव्वा बी अशीच पाडायची. अप्पा सुताच्या बाजारात गेले आन् चांगलं गाणं आलं, की पाडायची." तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, एवढंच विचारलं. सगळ्यांना म्हायती होतं की, ते म्हणाले, आमचेबी टॉवेल कमी व्हायचे, मजुरी बुडायची, पर कुणी बोललं न्हाय. मग म्हणाले, "तिला म्हायती होतं की आपले कान चाललेत. मला म्हणायची, पोरीचं बोळं मी काढलं ते बरं न्हाय केलं."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं असतं तरी सांगितलं नसतंस, माहीत आहे मला. पण बरं झालं कळलं. रिक्षातला तो राग मी तिथंच, मेनपाशी सोडला. दांडा वर केला तेव्हा हाताला खटका बसला, आणि ह्यांना ऐकू येणारा तो आवाज कसला, ते मला हातानं कळलं.

उद्यापासून मी कानांना बोळे घालणार आहे, डॉक्टरांनी दिलेले, रबराचे. मागाचं बोलणं आता दुसरे ऐकतील, मी तुझं ऐकेन. हा कागद घडी करून तुझ्या डब्यात ठेवतेय, नवीन पाला घातलाय, ती गाठही परत मारलीय. आणि हो, काल संध्याकाळी त्या व्यापाऱ्याचा फोन आला, आजचा माल कमी का म्हणून. फोन स्पीकरवर होता, हे भाकरी खात समोर बसले होते. मी अगदी सरळ तोंडानं सांगितलं, काय करणार, दुपारी लाईट गेली होती.